भरीत: घरच्या आरटीओएसची वही, इंटरप्टचं प्रकरण

११ जानेवारी २०२५, चोपडा

नवी वही. नानांच्या (माझे काका) केळीच्या बागेत ठिबकाचे चार व्हॉल्व्ह, एक सँड फिल्टर आणि बोअरची मोटार आहे. हे सगळं आपोआप चालवणारा एक डबा करायचाय. बाजारात तयार टायमर मिळतो, नानांनी मला तो दुकानात नेऊन दाखवलाही. पण मला त्यात स्वतःचा कर्नल पळवायचाय, बाग हे निमित्त. (कर्नल म्हणजे अनेक कामं, त्यांना टास्क म्हणतात, एकाच प्रोसेसरवर आळीपाळीने चालवणारा गाभ्याचा प्रोग्रॅम. वेळेचं भान ठेवून चालणारी अशी ऑपरेटिंग सिस्टिम ती आरटीओएस.) एवढं त्यांना सांगितलेलं नाही.

मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड ब्लू पिल. कॉर्टेक्स-एम३, ७२ मेगाहर्ट्झ, २० केबी रॅम, ६४ केबी फ्लॅश. दिवसा मोटार रिवाइंडिंगचं दुकान, हे काम रात्री. कर्नलचं नाव भरीत. डिसेंबरातल्या पहिल्या प्रयत्नात सगळ्या टास्कचे स्टॅक (प्रत्येकाची मेमरीतली स्वतःची जागा) एकमेकांत कालवले गेले होते, तेव्हापासून तेच नाव चिकटलं.

१९ जानेवारी

टास्कबदल अखेर झाला. तो पेंडएसव्ही नावाच्या अपवादात करतोय. (अपवाद म्हणजे हातातलं काम थांबवून प्रोसेसर दुसऱ्या कोडकडे वळतो तो प्रसंग. इंटरप्ट हा त्यातलाच, टायमरने किंवा पिनने मारलेली हाक.) त्याला सगळ्यात खालची प्रायॉरिटी दिली, म्हणजे बाकीचे इंटरप्ट उरकले की शेवटी हा. आत शिरताना प्रोसेसर आठ रजिस्टर (त्याच्या आतले आकडे ठेवायचे कप्पे) स्वतःच स्टॅकवर ठेवतो: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर. आर४ ते आर११ आपण ठेवायची. प्रत्येकी ३२ बाइट, म्हणजे निजलेल्या टास्कमागे ६४.

दोन संध्याकाळी एका आकड्यात गेल्या. यादी म्हणत होती टास्क बदललं, आणि प्रोसेसर मात्र निमूटपणे परत मेनमध्ये (प्रोग्रॅम सुरू होतो त्या फंक्शनमध्ये). अपवादातून परतताना एलआरमध्ये सात एफ आणि शेवटी एक अंक असतो. तो ९ असेल तर मुख्य स्टॅकवरून परत, डी असेल तर टास्कच्या स्टॅकवरून. पहिल्या वेळी आपण मेनमधून आलेलो, त्यामुळे ९ च होता. डी स्वतः भरला आणि दोन एलईडी वेगवेगळ्या तालात लुकलुकायला लागले. पोरांना उठवून दाखवलं. त्यांना काही विशेष वाटलं नाही.

२ फेब्रुवारी

सिसटिक, म्हणजे कर्नलला ठरावीक वेळाने टिक देणारा टायमर, एक मिलिसेकंदावर. रीलोड ७१९९९, शून्य धरून मोजतो म्हणून एक कमी. टास्कबदल सायकल काउंटरने मोजला, १४० च्या आसपास, म्हणजे दोन मायक्रोसेकंदांच्या आत. केळीला एवढी घाई नाही.

१६ फेब्रुवारी

पाण्याचे दोन मीटर जोडले, हॉल सेन्सरवाले (चुंबक फिरला की पल्स देणारे). एक बोअरच्या तोंडाशी, एक फिल्टरच्या पुढे. दोघांतला फरक वाढला की फिल्टर तुंबतोय असं समजायचं. पिन पीबी६ आणि पीबी७.

पल्सचा काउंटर कसा ठेवावा यावर बराच वेळ गेला. इंटरप्टने वाढवायचा आणि टास्कने वाचून शून्य करायचा, असं आधी लिहिलं होतं. हे चूक. वाचणं आणि शून्य करणं यांच्यामध्ये एखादी पल्स आली तर ती गेलीच. आता नियम असा की काउंटरला हात फक्त इंटरप्टचा, आणि तोही फक्त वाढवायला. टास्क मागचा आकडा स्वतःजवळ ठेवतं आणि वजाबाकी करतं. ३२ बिटांचं वाचन एका झटक्यात होतं, काउंटर उलटून शून्यावर आला तरी बिनचिन्हाची वजाबाकी बरोबरच येते. कुलूप नको, काही नको.

एक गोष्ट मात्र इंटरप्टला कर्नलकडे जाऊन करावीच लागते. ‘पाणी’ नावाचं टास्क पल्सची वाट बघत पाच सेकंद झोपतं. दहा पल्स झाल्या की इंटरप्ट त्याला उठवतो. पाच सेकंदांत कोणी उठवलंच नाही तर बोअर कोरडी पडली असं धरून मोटार बंद. मार्चनंतर आमच्याकडे ही सोय लागतेच.

२३ फेब्रुवारी

दोनशे लिटरचं टिपाड मांडलं, घड्याळ लावलं. एकच मीटर चालू ठेवला की हिशोब जुळतो. दोन्ही चालू केले की दोन्ही कमी दाखवतात, आणि दर वेळी वेगळे कमी.

पीबी६ आणि पीबी७ यांचा हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) एकच, कारण या चिपमध्ये लाइन ५ ते ९ मिळून एकच व्हेक्टर (हँडलरचा पत्ता) आहे. आलेल्या इंटरप्टची नोंद पेंडिंग रजिस्टरमध्ये होते, आणि ती पुसायला त्याच बिटात १ लिहायचा. मी सवयीने ‘ऑर करून लिही’ (जुन्या बिटांत नवं बिट मिळवून परत लिही) केलं होतं. म्हणजे काय झालं? आधी रजिस्टर वाचलं, त्यात सहा आणि सात दोन्ही बिटं १ होती, त्यात सहावं मिळवलं आणि सगळं परत लिहिलं. सहाबरोबर सातही पुसलं गेलं. सातची पल्स मोजायच्या आधीच फळा साफ.

उपाय: ऑर नाही, नुसतं सहावं बिट लिहायचं. एका चिन्हाची चूक. दुपारी तीन टिपाडं भरून रिकामी केली, अंगणातली पपई खूश झाली.

९ मार्च

डबा शेतावर बसवला. मोटारीच्या खोलीत, स्टार्टरपासून हातभर लांब. आणखी लांब न्यायला हवा होता, पण भिंत संपते. नानांनी अगरबत्ती लावली.

२१ मार्च

सकाळी सहाला नानांचा फोन. “बापू, तुना दिवा तं लपलप करी ऱ्हायना, पन पानी बांध फोडीसन वाही ऱ्हायनं!”

जाऊन पाहिलं. फिल्टरचा बॅकवॉश व्हॉल्व्ह (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणारा) ९० सेकंद उघडून बंद व्हायला हवा, तो रात्रभर उघडा. थ्री फेजची या आठवड्यात रात्रीची पाळी आहे, म्हणजे मोटार सकाळपर्यंत चालली. पाणी बांध कापून शेजारच्यांच्या हरभऱ्याच्या मोकळ्या वावरात. हरभरा निघालेला होता म्हणून निभावलं. डब्यावरचा हिरवा दिवा दर सेकंदाला इमानदारीत लुकलुकत होता. रीसेट दाबलं की सगळं ठीक.

२३ मार्च

दिवा चालू आणि बोर्ड मेलेला, हे कसं? दिवा सिसटिकमधून लावलाय. वॉचडॉगलाही (वेळेवर खाऊ मिळाला नाही की बोर्ड रीसेट करणारा चिपमधला टायमर) खाऊ सिसटिकमधूनच घालतोय. लाज वाटावी अशी चूक. टास्क सगळी मेली तरी टायमरचा इंटरप्ट येतच राहतो आणि कुत्र्याचं पोट भरत राहतं. राखणदाराने मालक जिवंत आहे का ते बघायचं, की घंटा वाजतेय का ते?

आता प्रत्येक टास्कने आपली हजेरी लावायची. सगळ्यांच्या हजेऱ्या आल्या तरच सगळ्यात खालचं टास्क वॉचडॉगला खाऊ घालणार. बोर्ड अडकला तर दोन सेकंदांत रीसेट, आणि सुरू होताना सगळे व्हॉल्व्ह बंद.

बांध फुटायचा थांबला. रोग तसाच आहे. काल रात्री वॉचडॉगने चार वेळा रीसेट केलंय, नोंद आहे. दिवसपाळीच्या आठवड्यात मी समोर बसून पाहिलं तेव्हा एकदाही नाही, अर्थात तेव्हा मोटार मी हाताने एकदाच सुरू केली होती. रात्री डीपीवर लोड हलला की फेज जाते-येते, ‘ऑटो’ (लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा डबा) मोटार सोडतो आणि परत धरतो. काँटॅक्टरचा (स्टार्टरमधला मोटारीचा मोठा स्विच) प्रत्येक ठोका मीटरच्या वायरीत घुसतो.

५ एप्रिल, रात्री, शेतावर

वॉचडॉग एकदा सुरू झाला की बंद करता येत नाही, म्हणून तो नसलेला प्रोग्रॅम भरून आणला. लॅपटॉप, एसटी-लिंक (चिपच्या आत डोकावायचा डीबगर), थर्मास, काठी. काठी सापासाठी. बॅकवॉशचा व्हॉल्व्ह हाताने बंद करायला नानांचा सालदार बाहेर खाटेवर.

१ वाजून २० मिनिटांनी अडकला. डीबगरने प्रोसेसर थांबवला. पीसी (प्रोसेसर कुठल्या ओळीवर आहे तो पत्ता) झोपेच्या फंक्शनमध्ये, यादीत जागा शोधणाऱ्या लूपमध्ये.

झोपलेल्या टास्कची यादी उठायच्या वेळेनुसार लावलेली असते. नवीन झोपणारा पुढे पुढे जात आपली जागा शोधतो. व्हॉल्व्हचं टास्क ९० सेकंदांसाठी झोपायला आलं होतं आणि जागा शोधत फिरत होतं. यादी एकेक करून छापली. ‘पाणी’चा पुढचा कोण? ‘पाणी’. स्वतःच्याच शेपटीला चावणारी यादी. व्हॉल्व्हचं टास्क ‘पाणी’च्या पुढे जाऊ बघतं आणि परत ‘पाणी’पाशीच येतं. व्हॉल्व्ह मात्र त्याने झोपायच्या आधी उघडलेला. म्हणूनच दर वेळी बॅकवॉश उघडाच सापडायचा! सिसटिक यादीचं फक्त डोकं बघतो आणि एका टिकला एकालाच उठवतो, त्यामुळे तो कधी अडकला नाही आणि दिवा चालू राहिला.

गाठ अशी पडते. ‘पाणी’ स्वतःला यादीत जोडतं आणि मग आपल्या नावापुढे ‘झोपलेला’ लिहितं. या दोन कामांच्या मध्ये मीटरचा इंटरप्ट आला. त्याने पाहिलं, हा झोपलेला नाही, मग यादीतून काढायचं कारण नाही. नुसतं तयार रांगेत टाकलं. ‘पाणी’ पळालं, काम केलं, परत झोपायला आलं. त्याचं जुनं नाव यादीत तसंच होतं. वेळ नवी लिहिली, जागा शोधत स्वतःच्याच जुन्या नावापुढे आलं आणि स्वतःला स्वतःमागे उभं केलं.

पण असं होऊच नये म्हणून तर या कामाभोवती क्रिटिकल सेक्शन (मध्ये इंटरप्ट येऊ न देणारा कोडचा तुकडा) आहे. बेसप्राय रजिस्टरमध्ये ५ लिहिला की प्रायॉरिटी ५ आणि त्याखालचे सगळे इंटरप्ट बाहेर थांबतात. तिथे ब्रेकपॉइंट लावला, ५ लिहिणारी ओळ ओलांडली आणि बेसप्राय वाचलं.

शून्य.

परत केलं. लिहिलं पाच, वाचलं शून्य. चहा ओतला, पुन्हा केलं.

या चिपमध्ये प्रायॉरिटीचे आठ बिट दिसतात पण खरे चारच, आणि ते वरचे चार. खालच्या चारांत लिहिलेलं विरून जातं. पाच म्हणजे खालच्या चारांतलीच गोष्ट. पाचवी पातळी हवी तर पाच चार घरं डावीकडे सरकवून लिहायचा, म्हणजे ८०. आणि बेसप्राय शून्य याचा अर्थ ‘सगळे थांबा’ असा नाही. ‘कोणीही थांबू नका’ असा आहे. तीन महिने माझ्या क्रिटिकल सेक्शनला दार होतं, कडी होती, भिंतच नव्हती. टेबलावर काही झालं नाही, कारण टेबलावर काँटॅक्टर नव्हता.

८० लिहिला. वाचला, ८०. पहाटे पाचपर्यंत मोटार मुद्दाम तीस-चाळीस वेळा सोडली-धरली. एकदाही अडकला नाही. सालदार म्हणाला, मोटार जळाली तर तुमच्याच दुकानात आणू.

१२ एप्रिल

परत अडकला. सहा रात्री नीट गेल्या, सातव्या रात्री दोनदा रीसेट.

या वेळी डोकं थंड होतं. घरीच बसून एकेका इंटरप्टची प्रायॉरिटी वाचून काढली. सिसटिक आणि पेंडएसव्ही १५. मोडेमचा यूआर्ट (सीरियल पोर्ट) ७. मीटरचा? ०. मीटर फेब्रुवारीत जोडला, तेव्हा प्रायॉरिटी द्यायचीच विसरलो, आणि काही दिलं नाही की रीसेटनंतर शून्य असते. एनव्हीआयसीत (चिपमधला इंटरप्टचा कारभारी) आकडा लहान तेवढा मान मोठा. शून्य म्हणजे गावचा पाटील. बेसप्राय त्याला कधीच थांबवत नाही, ८० लिहा नाहीतर काहीही लिहा.

म्हणजे चुका दोन, एकीवर एक झाकलेली. सहा रात्री मोटार तेवढ्या वेळा सुटली-धरली नसेल, एवढाच त्या शांततेचा अर्थ.

मीटरला ६ दिली. घाई कोणाला आहे इथे? मोडेम ९६०० वर चालतो, एक बाइट यायलाच एक मिलिसेकंद लागतो. मीटरच्या पल्स सेकंदाला पन्नासच्या आत. पाचच्या वर बसावं असं या बागेत कोणीच नाही. तरी ० ते ४ मोकळ्या ठेवल्या, अट एकच: तिथे बसणाऱ्याने कर्नलच्या कुठल्याही फंक्शनला हात लावायचा नाही.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

अट वहीत लिहून पाळली जात नाही, म्हणून ती कोडमध्ये घातली. इंटरप्टमधून बोलावल्या जाणाऱ्या कर्नलच्या प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला आयपीएसआर वाचायचं. कोणत्या अपवादातून आलोय त्याचा नंबर तिथे मिळतो. मीटरचा ३९, कारण इंटरप्ट नंबर २३ आणि वर पहिले सोळा प्रोसेसरचे स्वतःचे. नंबरवरून प्रायॉरिटी वाचायची, ती पाचाहून लहान निघाली तर तिथेच थांबायचं आणि लाल दिवा. मुद्दाम मीटरला ० देऊन पाहिलं. पहिल्याच पल्सला लाल. फेब्रुवारीत हे असतं तर शेजारच्यांचं वावर भिजलं नसतं.

दुपारी सगळे नानांकडे. खापरावरचे मांडे, आमरस, बहिणी माहेरी आलेल्या, झाडाला झोके. आप्पा (वडील) रेल्वेत सांधेवाले होते, तापी लाइन एकेरी होती तेव्हापासून. त्यांनी विचारलं, एवढे दिवस काय अडलं होतं? सांगितलं: एका वेळी एकालाच यादीपाशी जाऊ द्यायचं होतं, एक जण न विचारता घुसत होता. आप्पा मांडा मोडत म्हणाले, “टोकन हातमा नही तं गाडी सोडानी नही.” (एकेरी लाइनवर टोकन ज्याच्याकडे, त्याच गाडीला वाट.) मग साहेबाची ट्रॉली बिगर परवानगी लाइनवर कशी आली होती आणि ती चौघांनी उचलून खाली कशी फेकली, ती गोष्ट. ही मी लहानपणापासून ऐकतोय. दर वेळी ट्रॉली उचलणारे एकाने वाढतात.

१८ मे

उन्हाने डब्याचं झाकण वाकलंय. खोलीला पत्रा आहे, दुपारी आत हात टेकवत नाही. डबा उत्तरेच्या भिंतीला हलवला.

इंटरप्ट जास्तीत जास्त किती वेळ थांबवून ठेवतोय ते मोजलं. क्रिटिकल सेक्शनमध्ये शिरताना आणि निघताना सायकल काउंटर वाचून सर्वांत मोठा फरक साठवला. ६१०, म्हणजे साडेआठ मायक्रोसेकंद. यादीत जागा शोधण्याचं फिरणं सगळं आतच आहे, टास्क वाढले की हा आकडा वाढणार. पाच टास्कसाठी चालून जातं. पन्नास टास्क माझ्याकडे कधीच होणार नाहीत, म्हणून हात लावत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. टायमरच्या हँडलरमध्ये फ्लॅग (इंटरप्ट आल्याची खूण) शेवटच्या ओळीत पुसत होतो, आणि कधीकधी तोच हँडलर लगेच दुसऱ्यांदा चालायचा. पुसण्याचं लिखाण वाटेतच असतं, प्रोसेसर त्याआधीच बाहेर पडलेला असतो, इंटरप्टची तार अजून वर दिसते, परत आत. आता फ्लॅग पहिल्या ओळीत पुसतो. मीटरचंही तसंच केलं.

७ जून

संध्याकाळी वावटळ, मग पाऊस. नानांची दोन ओळी केळी आडवी, निसवलेली (घड बाहेर पडलेली) झाडं. त्यांच्यासमोर डब्याचं काही बोलायची सोय नव्हती. गुपचूप पाहिलं.

दुसऱ्या मीटरची वायर तुटून मोटारीच्या केबलवर पडली होती. तुटकी वायर म्हणजे लांबलचक अँटेना, आणि चिपच्या आतला पुलअप (पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर) साधारण ४० किलोओहमचा, तो बिचारा काय धरणार? मोटार चालू असताना सेकंदाला अकरा हजारांवर इंटरप्ट. दहाव्या प्रत्येक पल्सला ‘पाणी’ उठतंय, खालच्या टास्कच्या हजेऱ्या चुकतायत, बोर्ड दर दोन सेकंदांनी रीसेट. तोवर पहिल्या मीटरवर बाग चालू शकली असती, पण डब्याला ते कळायला सवडच नव्हती.

रेशन लावलं. एका टिकला एका लाइनला दोनच पल्स. तिसरी आली की हँडलर त्या लाइनचा इंटरप्ट स्वतःच बंद करतो आणि चिठ्ठी सोडतो. ‘पाणी’ अर्ध्या सेकंदाने लाइन परत उघडतं. तीनदा असं झालं तर मीटर बाद, फोनवर संदेश, बाग एका मीटरवर. घरी पिनला मीटरभर वायर लावून ती चालू ड्रिल मशीनजवळ धरली. लाइन बंद-उघड, बंद-उघड, बाद. बाकी टास्क आपापल्या तालात.

तारेचं काम वेगळं: ऑप्टोकपलर (तार न जोडता उजेडाने पल्स पलीकडे देणारा भाग), बाहेरून ४.७ किलोओहमचा पुलअप, आणि मीटरची वायर मोटारीच्या केबलपासून वेगळ्या पाइपातून. हे शेवटचं पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. रोज मोटारी बांधणाऱ्या माणसाला हे दुसऱ्या कोणी सांगायला नको.

१५ जून

७ तारखेनंतर रीसेट शून्य. त्यातल्या चार रात्री लाइट दहा-बारा वेळा गेली-आली.

नाना म्हणतात मिस कॉल दिला की मोटार सुरू व्हावी. मोडेमचं टास्क त्यासाठी बदलावं लागेल, स्टॅक ५१२ वरून ७६८ करून बघतो. व्हॉल्व्ह ३ ची कॉइल गरम होतेय. चोपड्यात मिळाली नाही, मंगळवारी जळगावला जाईन तेव्हा आणायची. मृगबागेची लागवड सुरू होण्याआधी पाचव्या व्हॉल्व्हची वायर टाकून घ्यायची, वेगळ्या पाइपातून.